तारेचा तुकडा

निरीक्षकांनी गाडी चालवून बघितलीसुद्धा नाही. खिडकीतून हात आत घातला, स्टिअरिंगची कड धरून डावीकडे-उजवीकडे हलवली. नजर मात्र पुढच्या टायरवर. स्टिअरिंग हलत होतं आणि टायर जागच्या जागी. "सर, प्ले बघा किती आहे. काम करून आणा," एवढं म्हणून ते पुढच्या गाडीकडे वळले. पंधरा वर्षं पूर्ण झालेली माझी 2007 ची मारुती 800 पासिंगला नापास झाली.

राग आला, खोटं कशाला सांगू. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीच्या शाळेत मी याच गाडीनं जातो. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की समोरच्या गाडीचे दिवे अगदी जवळ आल्यावर दिसतात. अशा रस्त्यावर जिनं कधी दगा दिला नाही, ती नापास?

घरी आल्यावर मोटार वाहन नियम काढून बसलो. 1989 च्या केंद्रीय नियमांतला 98 वा नियम स्टिअरिंगचा आहे. चाकावरचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या हव्यात, असं तो सांगतो. मी स्टिअरिंगच्या माथ्यावर चिकटपट्टी लावली. बायकोला पुढच्या टायरपाशी बसवलं. टायर हलला की "हं" म्हणायचं, असं ठरलं. तिच्या एका "हं" पासून दुसऱ्या "हं" पर्यंत पट्टी 11 सेंटिमीटर सरकली. सदतीस सेंटिमीटरच्या चाकावर 30 अंश म्हणजे पावणेदहा सेंटिमीटरच्या आसपास. निरीक्षकांचं बरोबर होतं.

मग मला दिवाळीतली गोष्ट आठवली. मेहुण्यानं गाडी बाजारापर्यंत नेली होती आणि परत आल्यावर म्हणाला होता, "दाजी, गाडी रस्त्यावर पोहतेय." मी म्हटलं, तुला सवय नाही. खरं तर सवय मला लागली होती. प्ले एका रात्रीत येत नाही. महिन्याला केसभर वाढतो आणि हात तेवढाच शिकत जातो. वळण यायच्या जरा आधीच मी स्टिअरिंग फिरवायला लागलो होतो, सरळ रस्त्यावर सतत बारीक-बारीक सावरत होतो, आणि त्यालाच गाडीवरचा हात समजत होतो. मागच्या सीटवर मुलं असायची. हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला.

पहिल्या गॅरेजात उत्तर तयार होतं. "रॅकचा स्क्रू कसून देतो, अर्ध्या तासात पासिंगला न्या." हे काम मी करू दिलं नाही आणि कुणीही करू देऊ नये. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा. त्याचे दात सगळीकडे सारखे झिजत नाहीत. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून मधले दात जास्त झिजतात. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला तर दोन्ही टोकांना रॅक जाम होतो, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला पाहिजे, ते होत नाही. घाटात हे प्लेपेक्षा वाईट. शिवाय सैलपणा दुसरीकडेच असेल तर तो तिथंच राहतो, फक्त निरीक्षकांच्या हाताला लागत नाही.

एका सहकाऱ्यानं जुन्या फिटरमामांकडे पाठवलं. मामांनी आधी पान्याला हात लावला नाही. गाडी जमिनीवरच ठेवली, पोराला स्टिअरिंगवर बसवलं आणि थोडं थोडं हलवायला सांगितलं. स्वतः खाली सरकले आणि एकेका जोडावर तळहात ठेवत गेले. "डोळ्याला दिसत नाही सर, हाताला कळतं. हात लावा हितं." मी लावला. डाव्या टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅकपासून चाकाकडे येणाऱ्या दांडीच्या टोकाच्या जोडावर, बोटं ठेवली, पोरानं स्टिअरिंग हलवलं आणि लोखंडाच्या आत 'टक' झालं. आवाज ऐकू आला म्हणण्यापेक्षा बोटांच्या हाडात शिरला.

मग जॅक लावला, घोडीवर घेतली. टायर वर-खाली धरून हलवला, काही नाही. म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट ठीक. आडवा धरून हलवला तर तीच टक. रबरी टोपी फाटून चिंध्या झाल्या होत्या. आतलं ग्रीस वाळून काळं पडलं होतं, आणि मामांनी ते चिमटीत चोळून दाखवलं तेव्हा त्यात तांबड्या मातीची कचकच होती. घाटातली माती. ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी बॉल घासत राहते.

तेवढ्यात मामा एकदम गप्प झाले. त्यांनी बॅटरी मागितली आणि मला जवळ बोलावलं. टाय रॉड एंडच्या नटात स्प्लिट पिन असते. नट सैल झाला तरी पिन त्याला गळून पडू देत नाही. तिथं पिनेऐवजी तारेचा तुकडा होता. सुतळी पिळावी तसा पिळलेला, गंजून अर्धा झालेला. आधी कधीतरी कुणीतरी काम केलं होतं आणि पिन हाताशी नव्हती म्हणून तार घातली होती. कुणी आणि कधी, ते शोधण्यात आता अर्थ नव्हता. नट गेला असता तर टाय रॉड सुटला असता आणि डावं चाक त्याला वाटेल तिकडे वळलं असतं. पसरणी घाट उतरताना डावीकडे काय आहे, ते तिथून गेलेल्याला सांगायला नको. मी तो तुकडा हातात घेतला. नखानं दाबला तर मोडला.

मामांनी जुना एंड उघडताना आटे मोजले. बोनेटवर खडूनं सोळा रेघा ओढल्या. नवा बरोबर सोळा फेऱ्यांनी बसवला, म्हणजे अलाइनमेंट करायला जाईपर्यंत चाकं सरळ राहतात. नवा बॉल बोटांनी हलवून बघितला, हलता हलेना. जुना स्वतःच्या वजनानं लोंबत होता. उजवा फारसा खराब नव्हता, तरी जोडीनं बदलला. दोन्ही मिळून हजाराच्या आत आले. मारुती 800 ची निर्मिती 2014 मध्ये थांबली, पण पार्ट अजून सहज मिळतात.

तरीही थोडा प्ले उरला. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून रॅक सरकवणारा स्टिअरिंगचा पिनियनही उजवीकडे. रॅकच्या डाव्या टोकाला आधार फक्त एका बुशचा. रॅकवरचा डावा रबरी बूट फाटल्यामुळे माती तिथंही पोचली होती. रॅक उतरवून बुश आणि बूट बदलण्यात आणखी एक दिवस गेला. तो मी शाळेतून रजा घेऊन दिला.

दुसऱ्या खेपेला निरीक्षकांनी तसाच हात घातला. कड हलवली, टायरही सोबत हलला. त्यांनी कागदावर सही केली.

त्या संध्याकाळी घाट चढताना पहिल्याच मोठ्या वळणाला मी सवयीनं आधी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी आतल्या बाजूला डोंगराकडे गेली. चटकन सावरलं. पुढची सगळी वळणं हळू घेतली. आठवडाभर हात जुन्या ठिकाणी प्ले शोधत राहिला.

पाचशे किलोमीटर झाल्यावर मामांनी बोलावलं होतं, गेलो. ते खाली सरकले, दोन्ही बाजूंच्या पिना बोटानं चाचपल्या आणि खालूनच म्हणाले, "जावा आता."