आतली डिस्क बदलताना

लॅपटॉप आठ वर्षांचा झाला की घरचे म्हणतात, नवा घेऊन टाक. पण माझ्या लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड ठणठणीत आहेत. थकलीय ती फक्त हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो.

त्यात तिचा दोष नाही. आत खरोखरची चकती फिरते, मिनिटाला 5400 वेळा. एका फेरीला सुमारे 11 मिलिसेकंद. फाइलचा प्रत्येक तुकडा वाचायला हेडला योग्य जागी सरकून चकती खाली येण्याची वाट बघावी लागते. अशा हजारो वाट बघण्यांची बेरीज म्हणजे माझा चहा.

"ताई, एसएसडीच टाका," तापकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला. बरोबरच होतं. एसएसडीत फिरणारं काही नसतं. माहिती चिपमध्ये विद्युतभार म्हणून राहते. माझ्या मॉडेलला एम.टू स्लॉट नाही, म्हणून अडीच इंची साटा, 7 मिलिमीटर जाडीची. वेग सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत.

मी अडले ते ओव्यांपाशी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या याच डिस्कवर आहेत, ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केलेल्या.

फिरती डिस्क बऱ्याचदा कुरकुरत, टकटक करत जाते. तिच्यावरून डिलीट झालेलं, वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत, अनेकदा परतही मिळतं. एसएसडी पुष्कळदा न सांगताच बंद पडते. डिलीट केलेली जागा ट्रिम नावाची सोय पुसायला मोकळी करते, मग परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली, तर तिच्यातला भार हळूहळू गळतो.

म्हणून रोजच्या कामाला एसएसडी घेतली आणि जपून ठेवायच्या गोष्टींसाठी एक नवी फिरती पोर्टेबल डिस्क. 500 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये 465 दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. ओव्या सगळ्या मिळून 300 एमबीसुद्धा भरत नाहीत.

तिसरी प्रत मावशीच्या फोनमध्ये आहे. पिठाच्या गिरणीत नंबर येईपर्यंत ती त्या ऐकत बसते.