जळगाव ते धुळे : वाटेवरच्या शाळा

जळगावहून धुळ्याकडे एस.टी.ने निघालो की पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावे लागतात. दोन्ही बाजूंना कपाशीची काळी राने. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाची भिंत उभी केली की दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर पडते. खानदेशातल्या शाळांना लागलेले हे जुने दुखणे आहे. त्यात वर पत्रे असले की एप्रिलच्या दुपारी वर्गात बसवत नाही.

या वाटेवर आम्ही शाळा पाहत जातो. कुठे भिंती नव्या रंगात हसत असतात, तर कुठे एका खोलीला कुलूप असते आणि दोन वर्गांची मुले एकाच खोलीत दाटीने बसतात. असे का, म्हणून विचारले तर उत्तर एकच, "वरून पैसा येत नाही." आमच्या मते हे उत्तर अर्धेच आहे.

२०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेने शाळेचे वार्षिक अनुदान पटावर ठरवले. शंभरपर्यंत पट असला तर २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, अगदी लहान शाळांना त्याहून कमी. खडू-फळ्यापासून किरकोळ डागडुजीपर्यंत सारे त्यातच भागवायचे. एवढ्यात नवे छप्पर होत नाही. मोठी दुरुस्ती आणि नवी खोली यांसाठी जिल्हा परिषद व जिल्हा नियोजन समितीकडे मागणी जावी लागते. जुनी खोली धोकादायक असेल तर आधी अभियंत्याची पाहणी आणि मग निर्लेखन, म्हणजे ती खोली रीतसर बाद करणे. हा कागद अडला की खोली पडतही नाही आणि नवी होतही नाही.

हा कागद हलवायचा कोणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान हवे. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो. तरीही आपल्या वस्तीतल्या किती आयाबाया या बैठकीला जातात? मजुरी बुडते, हे खरे. पण नुसती सही करून आपण घरी परतलो, तर आपल्या मुलांची खोली आराखड्यात येणार कशी?

धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्यास आले, तेव्हा त्यांचा मुक्काम इथे होता. दरवर्षी त्या दिवशी आपले लोक तिथे जमतात. त्याआधी १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा आणि सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. चवदार तळ्याच्या लढ्याला त्याचाच आधार होता. जनतेच्या पैशाने उभे राहिलेले सर्वांचे, हे तत्त्व तेव्हा शाळेच्या दारासाठी होते. आज तेच छपरासाठीही लागू आहे. साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपणही कर भरतोच.

म्हणून बंधू-भगिनींनो, पुढच्या बैठकीला जा. आराखडा वाचून दाखवा म्हणा. गळके छप्पर, मुलींचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी यांची नोंद इतिवृत्तात करून घ्या आणि त्याची एक प्रत घरी ठेवा.