पुस्तकातली चिठ्ठी

पावसाळा संपला की पुस्तकांना ऊन दाखवावयाचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. यंदा आश्विनात पुसदच्या आमच्या गच्चीवर पुस्तके पसरली असता ‘मॅकबेथ’च्या एका जीर्ण प्रतीतून घडी घातलेला कागद खाली पडला. खुणेसाठी ठेवला असेल असे वाटून आम्ही तो उलगडला, आणि मग पुस्तके तशीच टाकून खाली बसलो. बारा वर्षांपूर्वी गावातील एका डॉक्टरांनी आमच्या धाकट्या मेहुण्यांसाठी लिहून दिलेली ती चिठ्ठी होती. यवतमाळला मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे, एवढाच तिचा मजकूर. ती यवतमाळला कधीच पोहोचली नाही, आणि त्याला कारण आम्ही.

मेहुणे शेतकरी आहेत. कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि तूर. त्या सुमारास ओळीने दोन वर्षे पीक हाती लागले नव्हते. त्यांना पोटात आग होऊ लागली, डोक्यात मुंग्या येऊ लागल्या, पहाटे तीनला जाग येई ती पुन्हा डोळा लागत नसे. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी सलाईन लावले, तिसऱ्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा कार्डिओग्राम काढविला. सारे अहवाल निर्मळ आले आणि दुखणे होते तेथेच राहिले. चौथ्यांनी ही चिठ्ठी लिहिली. ती घेऊन मेहुणे आमच्याकडे आले. घरात शिकलेला माणूस म्हणून आमचाच सल्ला घ्यावयाचा. “भाऊजी, जाऊ काय?” एवढेच त्यांनी विचारले.

“अरे, तुला काय वेड लागले आहे? चार दिवस आमच्याकडे राहा, आराम कर, सगळे ठीक होईल,” असे आम्ही हसून म्हणालो, आणि त्यांच्या हातातला कागद घेऊन आमच्या हातातल्या पुस्तकात ठेवून दिला. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात मॅकबेथच्या राणीचे झोपेत चालणे मोठ्या तन्मयतेने शिकविले होते. त्या नाटकातला वैद्य राणीच्या मनाच्या दुखण्यापुढे हात टेकतो. निदान त्याने ते दुखणे आहे हे तरी ओळखले होते.

पुढची दोन वर्षे कशी गेली हे आम्हांस तुकड्यातुकड्यांनी कळले. मेहुणे लग्नकार्यांना येईनासे झाले. एक शेत पडीत राहिले. त्यांच्या पत्नीने फवारणीची औषधे गुपचूप घरातून हलवून शेजारच्यांच्या गोठ्यात ठेवली. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले, तेथे ह्या वाक्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही.

त्यांना बाहेर काढले ते आम्ही नव्हे. २०१५ साली शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन झोप, भूक, उदासपणा ह्यांविषयी साधे प्रश्न विचारावयाचे होते. मेहुण्यांच्या ओट्यावर बसून गावच्याच आशाताईंनी ते विचारले. जे कोणत्याही तपासणीत आले नव्हते ते त्या दिवशी बोलण्यात आले. मग जवळच्या आरोग्य केंद्रात नेहमीच्याच डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि औषध सुरू केले. मेहुणे तापाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांच्या रांगेत उभे राहिले, त्याच खिडकीतून गोळ्या घेतल्या आणि घरी आले. कोणी वळून पाहिले नाही. दीड-दोन महिन्यांत त्यांना पहाटेपर्यंत झोप लागू लागली.

ह्या रांगेचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मनाचे दुखणे आमच्याकडे मनाचे म्हणून दवाखान्यात येतच नाही. ते पोटात जळजळ, छातीत धडधड, अंगाला चटका अशी शरीराची वस्त्रे नेसून येते, आणि येते ते नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्याला ओळखावयाचे तर ते जेथे येते तेथेच ओळखले पाहिजे. आपण मात्र दीडशे वर्षे त्याच्यासाठी निराळा दरवाजा बांधीत आलो. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. तेथे अनेकांची शुश्रूषा झाली हे खरे. पण ‘नागपूरला पाठविला’ ह्या दोन शब्दांत वऱ्हाडातील माणसाला जे ऐकू येते, ते औषधापेक्षा आधी पोहोचते.

निराळी वाट कोणास सुचली नव्हती असेही नाही. १९३३ साली गिरींद्रशेखर बोस ह्यांनी कलकत्त्यास सर्वसाधारण रुग्णालयातच मनोरुग्णांसाठी विभाग उघडला. १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी ह्यांनी तेच केले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. २०१७ च्या कायद्याने तर हे उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत प्रत्येक पातळीवर मिळावेत असे स्पष्टच म्हटले. विचार जुना आहे. तो खेड्यापर्यंत चालत येण्यास मात्र फार वर्षे लागली.

तो आला तेथे काय घडले, हेही नमूद आहे. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी बोलावयाचे, ऐकावयाचे आणि गरजूला डॉक्टरांपर्यंत न्यावयाचे, अशी त्याची रीत. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे पूर्वी शंभरांत सुमारे चार होते, ते सत्तावीस झाले. गोव्यात असाच प्रयोग सरकारी केंद्रांत आणि खाजगी डॉक्टरांकडे करून पाहिला होता. २०१० च्या त्याच्या अहवालात सरकारी केंद्रांत रोगी बरे होण्याचे प्रमाण स्पष्ट वाढलेले दिसते. खाजगी दवाखान्यांत तसा फरक पडला नाही.

ह्यावर आमचे एक डॉक्टर स्नेही म्हणतात, “प्राध्यापकमहाशय, सकाळच्या वेळात शंभर रोगी तपासावे लागतात. मन कोणत्या मिनिटात विचारू?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. दुसरेही एक भय आहे. छातीत दुखणाऱ्या बाईला ‘टेन्शन आहे’ म्हणून परत पाठवावे आणि तिचे हृदयच बिघडलेले निघावे, असेही घडते. म्हणून शरीराची तपासणी टाळून मनाचे निदान करावे असे आम्ही म्हणत नाही. तपासणी तर व्हावीच. पण अहवाल निर्मळ आला म्हणजे ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगून रोग्यास वाटेला लावू नये. तेथेच आणखी दोन प्रश्न विचारावेत, आणि डॉक्टरांस सवड नसेल तर ते विचारणारे शिकलेले माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेले असावे. अवघड रोगी तज्ज्ञांकडे जावोत. साध्यांना तेवढ्यासाठी जिल्ह्याचे गाव गाठावयास लावू नये.

भाऊबिजेला मेहुणे आले. ओवाळणी झाल्यावर आम्ही ती चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि जे बोलावयाचे होते ते कसेबसे बोललो. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

“भाऊजी, तुमी जा म्हनलं असतं तरी मी काई गेलो नसतो,” ते म्हणाले. “कापूस वेचणीचे दिवस. बसचं भाडं, दिवसाची मजुरी, आन् कोनी त्या दारात पायलं तं पोरीच्या लग्नाले आडवं आलं असतं. केंद्रात मात्र म्या रोजच जात होतो.”

आमचा अपराध ह्याने धुऊन निघतो असे नाही. जाणे न जाणे त्यांचे होते. विचारणे आमचे होते. संध्याकाळी ते निघाले तेव्हा फाटकाशी थांबून त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. सेवानिवृत्ती जवळ आल्यापासून आम्ही थोडे गप्प असतो, असे त्यांच्या बहिणीने सांगितले असावे.

“तुमाले झोप लागते ना, भाऊजी?” त्यांनी विचारले.

आम्ही होय म्हटले. हा प्रश्न बारा वर्षांपूर्वी आम्ही त्यांना विचारला नव्हता.