मत देतो, पण आधी सिनेमा दाखव

टोकावडे, ता. मुरबाड, जि. ठाणे

प्रिय ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ यास,



2009 साली झी टॉकीजवर तू सुरू झालास आणि मराठी सिनेमाचा निकाल प्रेक्षकांच्या हाती दिलास, त्याबद्दल आधी मनापासून आभार. मानसन्मान आपल्या सिनेमाला नवे नव्हते. ‘श्यामची आई’ने 1954 साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक आणलं, ‘श्वास’ 2004 साली भारताकडून ऑस्करला गेला. ते मोठेच मान. पण ते जाणकारांनी निवडलेले. तू आलास आणि आमच्याकडच्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तुला कोण आवडलं?

तसा आमचा कौल आम्ही पूर्वीपासून देत आलोय. तमाशाच्या फडावर लावणी रंगली की दौलतजादा व्हायचा, तो कौलच होता. दादा कोंडके यांचा 1971चा ‘सोंगाड्या’ आणि त्यापुढचे सिनेमे, असे सलग नऊ रौप्यमहोत्सवी निघाले. पंचवीस-पंचवीस आठवडे लोक तिकीट काढत राहिले. ती मतं मोजायला कुणी बसलं नव्हतं, तरी निकालाविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. ज्याने मत दिलं त्याने सिनेमा बघितलेला होता, एवढंच त्याचं कारण.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे.

टोकावडे म्हणजे कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालं की मुरबाडच्या पुढे लागणारं आमचं बाजाराचं गाव. आजूबाजूच्या पाड्यांवरचे ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी सगळे किराण्याला, दवाखान्याला, रिचार्जला इथेच येतात. इथे थिएटर नाही. नवीन पिच्चर बघायचा तर कल्याण गाठायचं, म्हणजे एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. संध्याकाळचा शो सुटेस्तोवर परतीच्या एसटीचा भरवसा नसतो. मग जीप ठरवायची, तिकीट काढायचं, मुलांना मध्यंतरात काहीतरी घेऊन द्यायचं. मजुरीवर चालणाऱ्या घराला हा खर्च वर्षातून एखाद्याच वेळी पेलतो. 2015 साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला लावायला सांगितलं, तो निर्णय चांगलाच होता. पण त्याचा फायदा जिथे पडदा आहे तिथवरच.

2023चा ‘बाईपण भारी देवा’ घे. सहा बहिणी, त्यांची मंगळागौर, त्यांचे जुने रुसवे. मुंबई-पुण्याच्या बायका घोळक्याने, नऊवारी नेसून, नाकात नथ घालून थिएटरात गेल्या. इकडे त्याच दिवसांत काय चाललं होतं? सिनेमा लागला 30 जूनला. पाऊस धरला की इथे भाताची आवणी सुरू होते. सकाळी डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन बाई चिखलात उतरते, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने रोप रोवत मागे मागे सरकत जाते. कमरेतून वर बघायला सवड नसते. बचत गटातल्या बायकांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आवणी झाली की जायचं. सिनेमा महिन्याहून जास्त टिकला म्हणून त्यांना मिळाला. ऑगस्टात जीप करून गेल्या, येताना घाटातल्या धबधब्यांसारख्या बोलत होत्या. कुठली बहीण आपल्या नणंदेसारखी, कुठली थेट आपल्यासारखी, यावर पुढे कित्येक दिवस विहिरीवर वाद चालले. त्या बायकांचं मत हे खरं मत होतं.

पण सगळे सिनेमे इतके टिकत नाहीत. बरेचसे एका शुक्रवारी येतात आणि पुढच्या शुक्रवारी उतरतात. मग तुझी नामांकनं जाहीर होतात. रिचार्जच्या दुकानात पोरं मोबाइलवर यादी काढतात आणि एकमेकांना विचारतात, “हा कंचा पिच्चर?” पाच नावांतला एखादा बघितलेला, बाकीच्यांचं एखादं गाणं ऐकलेलं. त्यावर मत द्यायचं. कुणी मालिकेतला ओळखीचा चेहरा बघून देतं, कुणी नुसत्या गाण्यावरून देतं, आणि बरेच जण देतच नाहीत. ज्याचा सिनेमा चांगला होता पण इथवर पोचलाच नाही, त्या नटावर हा अन्याय आहे, आणि आमच्यावरही.

पोचला तर काय होतं ते ‘सैराट’ने दाखवलं. 29 एप्रिल 2016ला तो लागला, ऐन लग्नसराईत. अजय-अतुलची गाणी प्रत्येक हळदीला वाजली. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर, दोघंही सोलापूर जिल्ह्यातली पोरं, आमच्या पोरांना आपल्याच वर्गातली वाटली. त्या वर्षी कोण आवडलं हे विचारायला पाड्यावर गेला असतास तर उत्तरासाठी थांबावं लागलं नसतं.

अमेरिकेतल्या एका वाहिनीचाही तुझ्यासारखा एक सोहळा आहे, ‘प्रेमिओस हुवेंतुद’. युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीने 2004 साली मायामी परिसरात तो सुरू केला. इंग्रजीच्या मुलखात राहून घरात स्पॅनिश बोलणारी पोरंपोरी आपले आवडते कलाकार तिथे मत देऊन निवडतात. आपली भाषा आजीपुरती नाही, आपल्या वयाचीही आहे, हे त्यांना तिथे दिसतं. टोकावड्याचं पोरगं मोबाइलवर हिंदीत डब केलेले तेलुगू सिनेमे बघतं. ते त्याला आवडतात, त्यात वाईट काही नाही. पण मराठीतही आपलं काही चाललंय आणि त्यात आपलं मत मोजलं जातं, हे त्याला कळायला तुझ्यासारखा दुसरा सोपा मार्ग मला दिसत नाही. म्हणून तर हे पत्र.

मागणं फार नाही. मतदान उघडण्याआधी नामांकन मिळालेले सिनेमे टीव्हीवर दाखव. तुझी वाहिनीच सिनेमाची आहे. सगळ्यांचे हक्क तुझ्याकडे नसतील हे समजतं, पण जेवढे आहेत तेवढे तरी आधी दाखव, संध्याकाळच्या वेळेला, दुपारी नको, दुपारी माणसं कामावर असतात. उरलेल्यांसाठी निर्मात्यांना विचार. पुरस्काराचा मान हवा तर गावाला सिनेमा दाखवायला कोण नाही म्हणेल?

दुसरं, पौष पौर्णिमेला आमच्याच तालुक्यातल्या म्हसा गावी म्हशाची यात्रा भरते. बैल, घोंगड्या, भांडी, पाळणे, तमाशा, सारा मुरबाड-शहापूर तिथे लोटतो. तिथे एक मोठा पडदा लाव. रोज रात्री एक नामांकित सिनेमा, आणि बाहेर पडताना मत. कातकरी वाडीवरच्या ज्या म्हातारीकडे मोबाइल नाही तिचंही मत त्यात येईल.

आणि निकालाच्या रात्री कोणत्या जिल्ह्यातून किती मतं आली तेही पडद्यावर दाखव. ठाणे म्हटलं की शहरच मोजलं जातं, त्यात मुरबाड आणि शहापूर वेगळे दाखव. आकडा लहान दिसला तरी चालेल. पुढच्या वर्षी तो वाढवायचं काम आम्ही करू. बचत गट आहेत, शाळेतले गुरुजी आहेत, रिचार्जवाला तर तयारच आहे.

येत्या पौषात येणार असलास तर आधी कळव. यात्रेत जागेसाठी ग्रामपंचायतीकडे वेळेत अर्ज करावा लागतो, तो आम्ही करून ठेवतो.



तुझा,
टोकावड्याचा एक प्रेक्षक