टोपल्यातली भवानी

भवानी मेल्याचं अण्णांनी फोनवर सांगितलं, तेही पाऊस, तुरीवरची अळी आणि आईचे गुडघे एवढं सगळं झाल्यावर, फोन ठेवता ठेवता. लेकीला कळलं तेव्हा ती रडली नाही. "तिनं शेवटपर्यंत खोक्यात अंडं घातलंच नाही का?" एवढंच तिनं विचारलं. नाही घातलं. पण खोक्याची गोष्ट सांगायची तर आजीची सांगावी लागते, आणि आजीची सांगायची तर बहात्तरच्या दुष्काळापर्यंत जावं लागतं. तेव्हा जरा बैस, पोरी.

2020 च्या टाळेबंदीत आपण पुण्याहून गावी आलो. गाव बदनापूर तालुक्यात, दुधनेजवळ. अण्णा त्याच वर्षी जालन्याच्या बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. हाताला काम नाही आणि गप्प बसायची सवय नाही. होळीच्या सुमारास कोंबडीनं कोरोना होतो अशी आवई उठली होती, कोंबड्यांना कुणी विचारत नव्हतं. मोटारसायकलला डालगी बांधून फिरणाऱ्या एकाकडून अण्णांनी मातीमोलानं पिल्लं घेतली.

माळकऱ्याच्या घरात! आजोबा माळकरी होते, आजी आहे. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलं नव्हतं. अण्णांनी मात्र माळ घातली नाही. त्यांना अंडं खायचं असलं तर ते जालन्यातच खाऊन यायचे. मायलेकांचं बोलणं कामापुरतं: वीजबिल, गोळ्या, कुणाच्या घरची पत्रिका. भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. घरात जे रोज दिसतं त्याच्याबद्दल कोण विचारतं?

भादवा सरता सरता तलंगा अंड्यावर आल्या. तुरे लाल झाले, कोपरे हुंगत ओरडत फिरू लागल्या. अण्णांनी मोसंबीचे रिकामे कॅरेट आडवे करून रांगेत मांडले, आत भुसा घातला, समोर गोणपाटाचा पडदा सोडला. कोंबडीला अंडं घालायला अंधार लागतो, आडोसा लागतो. बसायची काठी त्यांनी कॅरेटच्या वर बांधली, कारण कोंबडी रात्री मिळेल त्या सगळ्यात उंच जागेवर झोपते. खोकी उंच ठेवली तर ती त्यातच झोपून घाण करते. प्रत्येक खोक्यात नदीतला एकेक गुळगुळीत गोटा ठेवला. अंडं दिसतं तिथं कोंबडी अंडं घालते, गोट्यालाही फसते. सकाळी दहापर्यंत खुराड्याचं दार बंद. शेतकऱ्यांना पीक-प्रात्यक्षिकं दाखवण्यात माणसाची नोकरी गेली की कोंबड्यासुद्धा अशाच शिस्तीनं पाळल्या जातात. बाकीच्या तलंगांनी निमूट ऐकलं.

ही एक ऐकेना. तांबडी, मानेला पिसं नाहीत, दिसायला अगदीच बापुडवाणी. ती कॅरेटमध्ये जायची, गोटा चोचीनं उलटापालटा करायची आणि बाहेर यायची. मग अंगण ओलांडून, उंबरा चढून, मधल्या घरातून सरळ आजीच्या बाजेखाली. तिथं आजीचं कापसाचं टोपलं होतं.

त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. आषाढीची पायी वारी झालीच नव्हती, पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. आजीचा सगळा जीव मग अधिकातल्या दिव्यांवर. घरच्या कापसातली सरकी हातानं काढून तिनं वातींसाठी टोपलं भरून ठेवलं होतं. त्यात तांबडी बसली आणि अंडं घालून ओरडली.

आजीचं ओरडणं तिच्याहून मोठं होतं. कापूस उकिरड्यावर गेला, घरभर गोमूत्र शिंपडलं, टोपलं उन्हात पडलं. "भवानी!" आजी म्हणाली, आणि तेच नाव राहिलं. मग आजीनं नवा कापूस पिशवीत घालून खुंटीला टांगला. भवानी रिकाम्या टोपल्यात बसू लागली. अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून तिची वेळ रोज पुढं सरकायची: आज हरिपाठाच्या वेळी, उद्या आजीच्या जेवणाच्या, परवा डोळा लागण्याच्या. मग एक दिवस खाडा आणि पुन्हा सकाळ. आजीला वाटायचं, ही मुद्दाम माझी वेळ साधायली.

एका दुपारी बघते तर आजी पिशवीतला कापूस मूठमूठ काढून टोपल्यात घालत होती. मला बघून म्हणाली, "ह्यो देवाला चालत न्हाई. किडका हाय." कापूस पांढराशुभ्र होता. अंड्याला मात्र तिनं हात लावला नाही, त्याचं नावही घेतलं नाही. "पोरी, तुझी वस्तू उचल गं," अशी हाक यायची आणि तू पळायचीस. ते अंडं मग अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या तव्यात.

अण्णांनी हे मनाला लावून घेतलं. भवानीला उचलून खोक्यात ठेवायचं, ती बाहेर यायची, पुन्हा ठेवायचं. एकदा समोर फळी लावून तिला कोंडलं. दिवसभर तिनं अंडं धरून ठेवलं. फळी काढल्यावर तीरासारखी बाजेखाली.

"बाई, हाकल ना तिला."

"म्या काय आवतन देते व्हय?"

"कापूस कोण घालतं मग?"

आई भाकरी थापता थापता मला हळूच म्हणाली, "दोघं सकाळपासून बोलायलेत."

मग ती जानेवारीतली रात्र. परभणीच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या होत्या. 2021 च्या जानेवारीत तो बर्ड फ्लू असल्याचं कळलं आणि तिथल्या एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायचं ठरलं. आमचं गाव त्या हद्दीच्या कितीतरी बाहेर. पण टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसं दिसत होती आणि शेजारी कुंपणावरून विचारत होते, तुमच्यात लहान लेकरू आहे ना? जेवणं झाल्यावर अण्णा उठले. कुदळ घेतली, पोतं घेतलं. सगळ्यांत जास्त जीव लावलेला माणूस, पण तुझ्या नावानं घाबरला.

आजीनं बाजेखाली वाकून भवानीला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीला हात लावत होती, धरायचं कसं तेही कळेना. पदरात घेऊन बाजेवर बसली.

"लेकरासाठी करायलो, बाई."

"तुझा बाप बी हेच म्हनला व्हता. बहात्तरला."

अण्णा पोतं हातात घेऊन तसेच उभे. मग आजी बोलली, आणि बऱ्याच वेळानं अण्णा बोलले. मी आणि आई दाराशी होतो. कडबा नव्हता, विहिरीला पाणी नव्हतं, घरात खाणारी तोंडं. आजोबांनी ढवळा बैल बाजारात नेला. घेणारा तो औताला जुंपणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. अण्णा दहा वर्षांचे. शिवेपर्यंत बैलामागं चालत गेले होते. नंतर आजोबांनी माळ घातली.

"बैल कापायला दिला आन् माळ घातली," अण्णा म्हणाले. "ती माळ मला नको व्हती."

"तुला तोंड दाखवता येईना म्हनून घातली रं त्यानं," आजी म्हणाली. "कुनाला सांगायचं व्हतं त्यानं? तू तर बोलायचाच बंद झालास."

अण्णांनी पोतं घडी करून कोनाड्यात ठेवलं. बाहेर जाऊन खुराड्याला जाळी लावली, पुढचे दिवस तोंडाला फडकं बांधून एकटेच कोंबड्यांचं बघत राहिले. कुणी आजारी पडलं नाही.

त्यांचं सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. अण्णांनी माळ घातली नाही ती नाहीच, आजीनं तव्यावरचं अंडं खाल्लं नाही. ते भांडत राहिले, मुख्यतः भवानीवरून, आणि त्या भांडणातून गावातल्या जमिनी, मेलेली माणसं, लहानपणीची मारझोड असं सगळं निघायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात भवानी टोपल्यातच खुडूक बसली. तिच्याखाली अंडी ठेवायला आजीनंच सांगितलं. उंबऱ्याच्या आत अंडी कशी चालतात, असं अण्णांनी मुद्दाम विचारलं. "ती खायची न्हाईत, जगायची हायेत," आजी म्हणाली. एकवीस दिवस तिनं बाजेवर कुणाला जोरात बसू दिलं नाही.

यंदा भवानी म्हातारपणानं गेली. अंडी केव्हाच थांबली होती, तरी बसायला टोपल्यातच यायची. अण्णांनी तिला मोसंबीच्या बागेत पुरलं. खड्डा उथळ झाला, कुत्री उकरतील, असं आजी बांधावर उभी राहून सांगत होती म्हणे.

अण्णांच्या कॅरेटना नावं ठेवू नयेत. बाकीच्या कोंबड्या अजून त्यातच अंडी घालतात आणि गावातल्या काही घरांनी तशीच रांग करून घेतली आहे. कुणाला करायची असेल तर काठी खोक्यांच्या वर बांधा, आत गोटा ठेवा आणि सकाळी दहापर्यंत घराचंही दार लावून घ्या.