न टोचणारी सुई

हृदयाच्या स्नायुपेशीच्या अंगावर सऱ्या असतात, आणि हृदय थकलं की त्या बुजत जातात. हे मी आधी वाचलेलं होतं. पण लंडनच्या प्रयोगशाळेत पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत गेली आणि उंदराच्या हृदयातली निरोगी, जिवंत पेशी समोर आली, तेव्हा मला थेट आमच्या राजूर-वणीकडचं कापसाचं वावर आठवलं. सऱ्या पाडून तयार ठेवलेलं, बांधावरून पाहिलं की दूरवर एकसारखं दिसणारं. पेशीवरच्या दोन सऱ्यांमधलं अंतर मात्र सुमारे दोन मायक्रोमीटर. सऱ्यांच्या तळाशी ठरावीक अंतरावर बारीक तोंडं दिसत होती. तिथून पेशीच्या आत खोलवर नलिका जातात.

हे ज्या यंत्रानं दिसलं त्याचं नाव स्कॅनिंग आयन कंडक्टन्स मायक्रोस्कोप. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात पॉल हान्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८९ साली मांडलं. नव्वदच्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात युरी कोर्चेव्ह आणि मंडळींनी ते जिवंत पेशींसाठी घडवलं. त्याच्या पाहण्यात प्रकाशाचा वाटा नाही. आहे ती काचेची नळी. लेझरनं मधोमध तापवून दोन्हीकडून ओढली की तिचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या टोकाला सुमारे शंभर नॅनोमीटरचं भोक उरतं. नळीत क्षाराचं पाणी भरायचं, आत चांदीची तार सोडायची, दुसरी तार पेशी ठेवलेल्या बशीत. दोन्हींमध्ये थोडा विद्युतदाब दिला की टोकातून आयनांचा अगदी क्षीण प्रवाह वाहू लागतो. टोक पेशीच्या फार जवळ गेलं की आयनांना वाट अपुरी पडते आणि प्रवाह घटतो. तो एखाद्या टक्क्यानं घटला की यंत्र थांबतं, उंची नोंदवतं, नळी वर उचलतं आणि पुढच्या बिंदूवर जातं. अशा हजारो उंचींचं मिळून एक चित्र होतं. बिंदूगणिक वर उचलून पुन्हा खाली येण्याची ही पद्धत २००९ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी नळी आडवी सरकत जायची आणि उंच भागाला धडकायची.

या यंत्रावर माझा जीव आहे तो एका कारणासाठी. ते पेशीला स्पर्श करत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याहून बारीक दिसतं, पण त्यासाठी पेशी आधी मारावी लागते, बहुतेकदा सुकवून तिच्यावर धातूचा मुलामा चढवावा लागतो. इथे ती आपल्या पाण्यात जिवंत असते. आपण बघत असताना आकुंचन पावू शकते, औषधाला उत्तर देऊ शकते. एका चित्राला बरीच मिनिटं लागतात. खोलीत कुणी दार आपटलं तर चित्रात रेघ उमटते. म्हणून टेबल हवेवर तरंगतं ठेवलेलं असतं आणि सगळे पाय न वाजवता चालतात.

माझे बाबा राजूरला चुन्याच्या भट्टीवर होते. आमच्या गावात दोन धुळी: कोळशाची काळी आणि चुन्याची पांढरी. वाळत घातलेल्या लुगड्यावर कुठली बसणार ते वाऱ्यावर ठरायचं. बाबांना शेवटची काही वर्षं नळावरून बादली आणवेना. पाय सुजायचे, रात्री उशांना टेकून बसावं लागायचं. नागपूरला एको झाला. "हार्ट मोठं झालंय, पम्पिंग कमी आहे," एवढं कळलं. आत नेमकं काय बिघडलं, हे विचारायचं कसं, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

बिघाड झालेल्या पेशी मी बाबा गेल्यानंतर पाहिल्या. सऱ्या सपाट झालेल्या, नलिकांची तोंडं विरळ. इम्पीरियलच्याच संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की हे उंदरात होतं तसंच माणसातही होतं. माणसाच्या पेशी प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या हृदयांतून घेतल्या होत्या. याचा परिणाम मोठा असतो. विजेचा संदेश नलिकांमधून आत पोचतो, कॅल्शियम आत येतं आणि सगळी पेशी एकदम आकसते. नलिका गेल्या की आतल्या भागाला खबर उशिरा लागते आणि ठोका विस्कळीत होतो. पुढच्याच वर्षी आलेल्या शोधनिबंधानं मला या कामाकडे ओढलं. त्यात याच नळीनं आधी पेशीचा नकाशा काढला आणि मग तिच्यातूनच नलिकेच्या एका तोंडाशी औषध सोडलं. ॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारे बीटा-२ रिसेप्टर निरोगी पेशीत नलिकांमध्येच असतात. आजारी पेशीत ते बाहेर, सऱ्यांच्या माथ्यांवरही पसरलेले निघाले.

बुजलेल्या सऱ्या पुन्हा पडतात का? उंदरांत पडल्या. कॅल्शियम पेशीतल्या साठ्यात परत भरणाऱ्या प्रथिनाचं जनुक पेशीत पोचवल्यावर नलिका बऱ्याच अंशी परत आलेल्या दिसल्या. तेच जनुक अडीचशे रुग्णांवरच्या चाचणीत दिलं गेलं, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फायदा आढळला नाही. ते वाचून मी दिवसभर काही केलं नाही. तरी मला वाटतं, पेशी सावरू शकते हे एकदा डोळ्यांनी दिसल्यावर हा शोध सोडून देता येत नाही.

सुट्टीत राजूरला गेले तेव्हा मायला लॅपटॉपवर निरोगी आणि आजारी पेशीची चित्रं दाखवली. तिनं आधी नळीबद्दलच विचारलं, "पोरी, मंग ते जित्या पेशीले टोचत नाही का?"

"नाही टोचत, माय. टोचली तं पेशी मेलीच."

मग बराच वेळ सपाट पेशीकडे पाहत म्हणाली, "तुह्या बाबाच्या गोळ्या मंग कायच्या होत्या?"

त्यांतली एक बीटा-ब्लॉकर होती. थकलेल्या हृदयाला शरीर ॲड्रेनॅलिननं सतत हाकत राहतं. ही गोळी ॲड्रेनॅलिनचे बीटा रिसेप्टर अडवते आणि हृदयाला उसंत मिळते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा गोळ्यांनी मृत्यूचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशानं कमी झालं होतं. मायला मी हे सगळं सांगितलं. बाबांची ती गोळी तिनं एकदाही चुकू दिली नव्हती, हेही म्हटलं. गल्लीतल्या एका काकांनाही तोच आजार आहे आणि दम लागायचा थांबला म्हणून त्यांनी गोळी बंद केली होती. मायनं चपला घातल्या, त्यांच्या घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी काकांना वणीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, असं त्यांच्या मुलाकडून कबूल करून घेऊनच परतली.