दाभोळचें इरलें आणि गुलमर्गचा बर्फ

आषाढांत वासिष्ठीच्या मुखाशीं उभें राहून ज्यानें पश्चिमेचा वारा व पाऊस अंगावर घेतला, त्यास थंडीचें भय कसलें, हा आम्हां दाभोळकरांचा जुना अभिमान. तो उराशीं बाळगूनच गेल्या माघांत मी नातवासह काश्मीरांत गुलमर्गास गेलों. समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवरील या रम्य पठारावर इंग्रजांनीं १९२७ सालीं स्कीचा क्लब काढला होता. पायांस लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरण्याची ती विद्या नातवास शिकावयाची होती.

भाड्यानें घेतलेल्या बर्फाच्या विजारीखालीं त्यानें जाड सुती पायजमा घालावा, हा हट्ट माझाच. कापूस आपला जन्माचा सोबती. तो दगा कसा देईल? परंतु तासाभरांत मुलगा घामानें भिजला आणि विसाव्यास बसतांच कांपूं लागला. “आजोबा, पाय बधिर झाले हो!” हे शब्द ऐकून माझ्या पोटांत धस्स झालें. शिक्षकानें त्यास तत्काळ उबेंत नेऊन कोरडे कपडे दिले, आणि मग पाठ मला दिला.

सुती कापड घाम शोषून धरून ठेवतें. ओलें वस्त्र देहाची ऊब ओढून घेतें. म्हणून अंगालगत लोकरीचें वा कृत्रिम धाग्याचें पातळ वस्त्र असावें. कडाका असेल तरच त्यावर फ्लीसचें. आणि सर्वांवर पाणी अडविणारी, पण घामाची वाफ बाहेर सोडणारी विजार. मोजा एकच व पातळ. आंतलें वस्त्र बुटांत कोंबूं नये. विजारीच्या आंतली लवचीक पट्टी बुटावरून ओढावी, म्हणजे बर्फ शिरत नाहीं. चढतांना मांडीजवळच्या झिपा उघडाव्या. स्कीच्या पोलादी कडा घोट्याजवळ कापड फाडतात, तेथें भक्कम ठिगळ हवें. एकाच रुंद फळीवर घसरणारा स्नोबोर्डवाला वारंवार बर्फावर बसतो, गुडघे टेकतो. त्याची विजार त्या जागीं बळकट हवी. घेतांना आंतल्या वस्त्रांसह ती घालून उकिडवें बसून पाहावें.

ऐकतां ऐकतां मला लावणीचीं शेतें आठवलीं. कामट्यांवर पानें बसवून केलेलें इरलें पाऊस अडवी, तरी आंत वारा खेळे. घोंगडी भिजली तरी ऊब देई. हें शास्त्र आमच्या शेतकऱ्यांस ठाऊक होतेंच. संस्कृत शिकलेल्या मास्तरास मात्र त्यासाठीं बर्फांत जावें लागलें!

तो पायजमा आतां मी वैशाखांत घालतों. नातू पाहतो आणि हंसतो.